अक्का सेकंद

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाईने लपवलं. पण त्या रविवारी नागराजने भर मैदानात मला जे ऐकवलं, त्यावर राग यायलासुद्धा मला वेळ लागला. आधी मी नुसती बघतच राहिले. तो कानडीत म्हणाला, "अक्का, तुम्हाला पाचपर्यंत मोजता येत नाही."

मी पद्मावती. बावीस वर्षं इथे बेंगळुरूत एका कॉलेजात गणित शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज मारतहळ्ळीच्या काचेच्या इमारतींत बसून काय काय मोजतात ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण मोजायला मी शिकवलं. आणि मला म्हणे पाचपर्यंत मोजता येत नाही.

पहिल्यापासून सांगते. कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळायचे. मग लग्न, नोकरी, मुलगा, त्याची दहावी, त्याची बारावी. तो हॉस्टेलला गेला आणि माझ्या संध्याकाळी एकदम रिकाम्या झाल्या. मुलींच्या लीगला पंच कमी पडतात असं ऐकलं आणि ठरवलं की आपण पंच व्हायचं. लीगच्या पॅनलवर यायचं तर आधी लेखी परीक्षा, मग परीक्षकाच्या डोळ्यांदेखत पाच सामने. वय सेहेचाळीस. घरात सगळे हसले. मी नियमांचं पुस्तक आमच्या जे. पी. नगरच्या बसमध्ये उभ्याने पाठ केलं आणि लेखीत शंभरपैकी चौऱ्याण्णव मिळवले, तेव्हा हसणं थांबलं.

नियम मला मनापासून आवडतात. बॉल हातात धरून पावलं जास्त टाकली की ट्रॅव्हलिंग. टप्पे देणं थांबवून पुन्हा सुरू केलं की डबल ड्रिबल. या चुकांना व्हायोलेशन म्हणतात. कोणाला धक्का नाही, कोणाला इजा नाही, फक्त नियम मोडला, बॉल समोरच्या संघाला द्या, संपलं. किती स्वच्छ कारभार. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं. आमचे यजमान, वादिराज, जेवताना सांबाराची वाटी खाली ठेवून पुन्हा उचलत, तर मी "डबल ड्रिबल" म्हणून मोकळी व्हायचे. शेवटी ते हॉलमध्ये बसून जेवायला लागले.

सगळ्यात आवडता नियम थ्रो-इनचा. बॉल बाहेर गेला की पंच एका खेळाडूला रेषेबाहेर उभं करतो आणि बॉल तिच्या हातात देतो. त्या क्षणापासून पाच सेकंदांत तिने तो आत टाकायचा. तोवर पाय मैदानात पडता कामा नये, बाजूला एक मीटरच्या वर सरकायचं नाही. पाच सेकंद झाले आणि बॉल हातातच असला की व्हायोलेशन, बॉल समोरच्यांना. गंमत अशी की सामन्याचं मोठं घड्याळ तेव्हा बंद असतं. बॉल आतल्या कोणाला तरी लागला की मगच ते पुन्हा चालू होतं. म्हणजे त्या पाच सेकंदांना दुसरं घड्याळच नाही. पंच हात हलवून मोजतो, पाच वेळा, आणि तेच घड्याळ. सगळं मैदान माझ्या हाताकडे बघतंय, ही गोष्ट मला फार आवडायची. कबूल करते.

तर तो रविवार. सकाळचा अंतिम सामना, जे. पी. नगरच्या मुली विरुद्ध येलहंकाच्या मुली, आणि माझ्या परीक्षेचा पाचवा, शेवटचा सामना. येलहंका एका गुणाने पुढे. चार सेकंद उरलेले. थ्रो-इन जे. पी. नगरचा, माझ्या बाजूच्या रेषेवरून. मी स्मृतीच्या हातात बॉल दिला. ही मुलगी पुण्याहून आलेल्या घरातली, उंच, शांत डोक्याची. समोर येलहंकाच्या पोरी भिंतीसारख्या उभ्या, कोणालाच मोकळं सोडेनात. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. स्मृती हलेना. आणि माझा पाचवा हात अर्ध्यावर असताना येलहंकाची प्रियदर्शनी, जी शेवटची मोकळी वाट अडवून उभी होती, तिने माझ्याकडे वळून हात वर केला. म्हणजे संपले पाच, शिटी वाजवा. तेवढ्यात तिच्या मागून बॉल आत गेला, पकडला गेला, बास्केटमध्ये पडला. भोंगा वाजला. जे. पी. नगर एका गुणाने जिंकलं.

मला वाटलं, काय ही मुलगी. शिटी वाजायच्या आधीच हात वर करून उभी राहिली आणि आपल्या हाताने सामना घालवला.

मग नागराज आला. हा येलहंकाच्या मुलींचा प्रशिक्षक, एका शाळेत पीटी शिकवतो, सुट्टीच्या दिवशी या मुलींना फुकट शिकवतो. एरवी मान खाली घालून बोलणारा माणूस. तो धावत मैदानात आला आणि बोटं दाखवत ओरडला, "आरु. आरु आयतु." सहा झाले. मी म्हटलं, "नागराज, बाहेर जा." तो गेला नाही. मग त्याने ते वाक्य म्हटलं. वर हेही म्हटलं की जे. पी. नगर तुमचंच, म्हणून मोजणी लांबते.

शेकडो माणसं ऐकत होती. मी स्कोअरशीटवर सही केली, निकाल पक्का झाला, आणि त्याच पेनाने टेबलावरचा तक्रारीचा फॉर्म ओढून घेतला. आमच्या लीगचा नियम साधा आहे. प्रशिक्षकाने पंचावर पक्षपाताचा आरोप केला, तर पंचाने त्याच दिवशी दुपारी दोनच्या आत फॉर्म भरून द्यायचा. त्यात शेवटी दोन चौकोन असतात, आरोप साधार की निराधार. निराधारवर खूण झाली की तो प्रशिक्षक पुढचा अख्खा मोसम बाद. येलहंकाच्या मुलींना दुसरा प्रशिक्षक नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. तरीही मी निराधारच्या चौकोनावर पेन टेकवलंच होतं, तेवढ्यात वरून निरोप आला की परीक्षक बोलावतायत.

परीक्षक म्हणजे यल्लाप्पा सर. निपाणीकडचे, साठीचे, पांढरी मिशी, आणि इथल्या पंचांपैकी माझ्याशी मराठीत बोलणारे एकटे. त्यांनी क्लबच्या वरच्या खोलीत टॅबवर माझ्या सामन्यांचे व्हिडिओ लावून ठेवले होते.

"बसा बाई," ते म्हणाले. "ट्रॅव्हलिंग झकास. जागा बरोबर. शिटी दमदार. शिफारस लिवलीया मी, बगा."

कागदावर माझं नाव आणि खाली त्यांची सही होती. मला इतका आनंद झाला की क्षणभर नागराज डोक्यातून गेला.

"एकच र्‍हायलं," ते म्हणाले. "त्यो गडी सा म्हनत हुता. तेवडं बगून घिऊ."

"बघा की," मी म्हटलं. "सावकाश बघा. पाचच आहेत."

त्यांनी शेवटचा थ्रो-इन लावला. माझा हात पाच वेळा हलला. मी विजयाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खालच्या कोपऱ्यातल्या वेळेवर बोट ठेवलं आणि पुन्हा लावलं. स्मृतीच्या हातात बॉल गेला तेव्हा बावीस सेकंद. बॉल तिच्या हातातून सुटला तेव्हा अठ्ठावीसला थोडं कमी.

"असं कसं होईल," मी म्हटलं. "हात पाचच आहेत. सर, हे मशीन चुकतं स्वल्प."

"मशीन चुकत न्हाई. हात पाच हाईत ह्येबी खरं." ते मिशीवरून बोट फिरवत राहिले. "बॉल दिल्यावर पयला हात हालायला येळ लागतोय बगा. त्या येळात तुमी काय तरी बोलतासा."

"एक म्हणते. आणखी काय म्हणणार?"

त्यांनी चित्र मोठं केलं. माझं तोंड अख्ख्या पडद्यावर आलं, घामेजलेलं, आणि अजिबात सुंदर नाही. त्यांनी ते हळूहळू पुढे सरकवलं. बॉल माझ्या हातातून सुटतो. हात स्थिर. तोंड उघडतं, मग ओठ मिटतात. मग पुन्हा उघडतात आणि हात हलतो.

"बाई, एक म्हणून दाकवा."

मी म्हटलं, एक.

"ओठ मिटले?"

नाही मिटले. एक म्हणताना ओठ मिटतच नाहीत. मी चार वेळा म्हणून पाहिलं, शाळेतल्या पोरीसारखं.

"आमच्याकडं जोंधळं मोजताना पयल्या मापाला एक म्हनत न्हाईत," यल्लाप्पा सर अगदी हळू आवाजात म्हणाले. "तुमच्यात बी न्हाई म्हनत जणू."

मला कळलं. आमच्या घरी सकाळी डब्यातून तांदूळ काढताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. माझ्या आईने मला हातात माप दिलं तेव्हापासून मी तेच म्हणतेय, रोज, चाळीस वर्षं, आणि मी ते म्हणते हे मला कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. मोजून काही दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली की माझं तोंड आधी लाभ म्हणतं. घरी लाभनंतर दोन येतात म्हणून हिशोब जुळतो. मैदानावर मात्र मी एक, दोन, तीन, चार, पाच असं घोकून घोकून पाठ केलेलं. त्यामुळे लाभ, आणि मग एक. लाभला हात हलत नाही. बघणाऱ्याला पाच दिसतात आणि होतात सहा.

"आधीच्या सामन्यांत?" मी विचारलं.

त्यांनी चार थ्रो-इन काढून दाखवले, चार वेगळ्या सामन्यांतले. चारही वेळा माझे ओठ मिटले. मी बघत होते आणि मला माझाच चेहरा परका वाटत होता. बावीस वर्षं मी फळ्यासमोर उभी राहून पोरांना सांगतेय, की पायरी पायरीने जा, आपण काय लिहितोय त्याकडे लक्ष द्या. आणि माझ्या तोंडातून रोज एक शब्द बाहेर पडतोय ज्याचा मला पत्ताच नाही.

यल्लाप्पा सरांनी टॅब बंद केला. "निकाल काय बदलत न्हाई. शीटवर सई झाली." त्यांनी शिफारशीचा कागद पुढे ओढला. "ह्यो व्हिडिओ परीक्षेचा, लीगचा न्हवं. मी आपनहून कुनाला दाकवनार न्हाई. पर तुमी फॉर्मवर साधार लिवलं, तर ही शिफारस मला मागं घ्यावी लागंल. मोजता न येनारा पंच पॅनलवर कसा घिऊ? पुना वर्सानं या. आणि निराधार लिवलं, तर तुमी पॅनलवर आणि त्यो गडी घरी. बगा बाई. तुमचा फॉर्म."

"सरी," मी म्हटलं. कानडीत बरं म्हणून बाहेर आले.

जिन्याच्या वरच्या पायरीवर मी बसले. खरं सांगते, माझं मन लगेच वाटा शोधायला लागलं. मला आता कळलंय ना, मग उद्यापासून सुधारेन. एका सेकंदाने असं काय होतं. आणि नागराजने पक्षपात म्हटलं, ते तर साफ खोटं होतं, मी कोणाची बाजू घेतली नाही. म्हणजे निराधार म्हटलं तर त्यात थोडं खरंच आहे. किती छान जुळवलं मी. गणिताची बाई.

मग फोनचं स्टॉपवॉच लावलं. नसलेला बॉल कोणाच्या तरी हातात दिला, ओठ दाताखाली धरले, आणि मोजलं. पाचवा हात हलला आणि फोनवर पाहिलं. पाच सेकंद पंच्याण्णव. ओठ दाताखाली होते, तरी आत कुठेतरी ते म्हटलंच गेलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मला माझी भीती वाटली.

तेवढ्यात स्मृती जिना चढून आली, गळ्यात पदक, हातात म्हैसूरपाकाचा डबा. "आंटी, थँक यू," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून जमलं. मी शेवटपर्यंत थांबले, कारण मला माहीत होतं अक्का सेकंद आहे."

"काय आहे?"

"अक्का सेकंद. आम्ही सगळ्या तसंच म्हणतो. दुसरे पंच असले की पाच, आणि तुम्ही असलात की एक एक्स्ट्रा मिळतो. कोचनी तर आमची तशी प्रॅक्टिसच घेतली होती. फार क्यूट आहे आंटी ते."

तिने म्हैसूरपाक पुढे केला. मी एक वडी घेतली आणि ती हातातच राहिली. म्हणजे अख्ख्या लीगला माहीत होतं. पोरींनी माझ्या चुकीला नाव दिलं होतं, तिच्यावर डाव बसवला होता, आणि मी रुबाबात हात हलवत होते. लाजेने माझे कान तापले. असं कधी झालं नव्हतं, लग्नात उखाणा विसरले होते तेव्हाही नाही.

मी खाली गेले. येलहंकाच्या मुली गुलमोहराखाली बसून चित्रान्न खात होत्या, म्हणजे ताटात होतं, खात कोणीच नव्हतं. नागराज थोडा बाजूला, बुटाच्या नाड्या सोडत होता. मला बघून तो उभा राहिला. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "तप्पायतु अक्का. पक्षपात म्हणायला नको होतं. तेवढं माझं चुकलं." सहाबद्दल मात्र त्याने माघार घेतली नाही.

"सहाच होते," मी म्हटलं.

त्याला माहीतच होतं.

"सगळ्यांना माहीत होतं, तर मला एकाने तरी सांगायचं की," मी म्हटलं, आणि बघा, अशा वेळीही माझा आवाज चढलाच.

नागराजने प्रियदर्शनीकडे पाहिलं. ती ताट खाली ठेवून उठली. बारीक, चष्म्याची दोरी मानेमागे बांधलेली मुलगी. तिने जे सांगितलं ते कानडीत, हळू आवाजात, खाली बघून.

"आंटी, मी सांगितलं होतं. दुसऱ्या सामन्यात, मधल्या सुट्टीत. तुम्ही पाणी पीत होतात. मी म्हटलं, तुमचे पाच जरा लांब होतात."

"मी काय म्हटलं?"

ती चष्म्याची दोरी ओढत राहिली.

"सांग, रागावत नाही."

"तुम्ही म्हटलं, गणित मी शिकवते, तू तुझा खेळ बघ."

मला आठवेना. मी डोकं खाजवलं, डोळे मिटले, खरंच आठवायचा प्रयत्न केला. ती बाटली आठवली, तो सामना आठवला, ही मुलगी समोर उभी राहिलेली काही केल्या आठवेना. असं मी दिवसाला दहा जणांना म्हणते.

"मग आज तू हात का वर केलास?" मी विचारलं. "तुला तर माहीत होतं, माझे सहा होतात. थांबायचं होतंस ना. तू वळली नसतीस तर बॉल आत गेलाच नसता."

ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. तक्रार करत नव्हती, उलट मीच असं काय विचारतेय याचं तिला नवल वाटलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना आंटी. म्हणून मला वाटलं, तुम्ही आता पाचच मोजत असाल."

नागराज दुसरीकडे बघत होता. बाकीच्या मुलीही बघत नव्हत्या, त्यांनी ताटं उचलली होती. मी माफी मागितली, पण ती नीट बाहेरही आली नाही. प्रियदर्शनीने मान हलवली आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

दोनला दहा मिनिटं होती. टेबलापाशी उभ्या उभ्याच मी फॉर्म पुढे घेतला. निराधारच्या चौकोनात माझ्या पेनाचा एक ठिपका आधीच पडला होता, तो खोडला आणि साधारवर खूण केली. खाली कारणासाठी दोन ओळी सोडलेल्या असतात. मी लिहिलं: प्रशिक्षकाची मोजणी बरोबर होती. पंचाची चूक पंचाला येलहंका संघाच्या प्रियदर्शनी या खेळाडूने दुसऱ्याच सामन्यात सांगितली होती, पंचाने ऐकली नाही.